वाट्याचं दूध

दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, लोणी नाही, आणि आता म्हणे मधसुद्धा नाही. मग डोंगरात माणसानं खायचं तरी काय, दगड? नाथा बोरस्ते गिरणीच्या कट्ट्यावर बसून स्वतःशीच धुमसत होता, आणि समोर त्याची एकुलती एक पोरगी वेदिका गिरणीच्या वजनकाट्यावर शेंगदाण्याच्या पुड्या ठेवून ग्रॅम मोजत होती. मागे बाजरीचे डबे घेऊन आलेल्या बाया खोळंबल्या होत्या. पोरगी पुडीतून चार दाणे काढायची, आकडा बघायची, दोन परत टाकायची. सोनाराच्या दुकानातसुद्धा इतका वेळ कुणी लावत नाही.

म्हसरूळला दिंडोरी रोडवर नाथाची ही पिठाची गिरणी. तिच्या जिवावर वेदिका शिकली आणि गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात डब्या-खोक्यांवरची चित्रं बनवायला लागली. आता तिला आणि तिच्या नाशिक रोडच्या मैत्रिणीला, निकिताला, त्र्यंबकपासून भीमाशंकरपर्यंत सह्याद्रीच्या धारेनं पायी जायचं होतं. पाठीवर सगळं सामान, वाटेत कधी गाव लागेल, कधी लागणार नाही. गिऱ्हाइकांना नाथा सांगायचा की पोरगी यात्रेला चाललीय, कारण दोन्ही टोकांना महादेव आहे आणि तेवढं सांगितलं की लोक गप्प बसतात. पण वेदिका लगेच मान वर करून सांगायची, यात्रा नाही पप्पा, ट्रेक आहे. की पुन्हा प्रश्न सुरू.

चालायला नाथाची ना नव्हती. तो स्वतः डोंगराच्या कुशीतल्या गावात वाढलेला. त्याचं डोकं फिरलं होतं ते खाण्यावरून. वर्षापूर्वी ऑफिसच्या कामासाठी पोरगी कुठल्याशा गोठ्यात फोटो काढायला गेली, तिथं आईपासून लांब बांधलेलं वासरू बघून आली, आणि त्या दिवसापासून तिनं दुधाला आणि दुधाच्या कुठल्याच पदार्थाला हात लावला नाही. व्हीगन झाले म्हणाली. घरात सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. उतरलं नाही.

दुसऱ्या कुणाच्या पोरीनं हे केलं असतं तर नाथा हसून मोकळा झाला असता. पण वेदिकाचं दूध म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ती आठ महिन्यांची असताना तिच्या पोटात दूध ठरेना. आईचं ठरेना, गाईचं ठरेना. प्यायली की ओकायची. हातापायांच्या काड्या झाल्या, दवाखान्यात सलाईन लावायला शीर सापडेना. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. नाथाला धीर कुठून येणार? तो उठला, वणीच्या गडावर गेला, सगळ्या पायऱ्या अनवाणी चढला आणि सप्तशृंगीपुढं हात जोडून म्हणाला, आई, माझ्या वाट्याचं दूध हिला दे. मी ह्या जन्मात दूध-दुभत्याला शिवणार नाही. आणि त्याच आठवड्यात पोरीच्या पोटात दूध ठरलं.

हा तोच नाथा, ज्याला जेवणात शेवटी दूध-भाकरी नसली तर जेवल्यासारखं वाटत नसे. गावाकडं गाय व्याली की खरवसासाठी कामधंदा सोडून पळणारा. त्यानं त्या दिवसापासून दूध सोडलं ते सोडलंच. लग्नाकार्यात बासुंदीचा वास आला की उठून बाहेर जाऊन बसायचा. लोकांना सांगायचा, पित्त होतं. खरं फक्त त्याच्या बायकोला, सिंधूला ठाऊक. पोरीला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं, कारण सांगितलं की ते उपकार मोजून दाखवल्यासारखं होतं.

आणि आता ह्या पोरीनं ते दूध सोडलं होतं. स्वतःचं सोडून तिच्यासाठी जे मागितलं, तेच तिनं झिडकारलं. नाथाला राग होताच, पण रागाखाली भीती होती. देवीनं दिलेलं असं परत केलं तर देवी काय म्हणेल? बरं, परत करून ही बया घरात बसणार असती तरी एक वेळ ठीक. ही चालली होती कड्याकपारीत.

वर आणखी जखमेवर मीठ चोळायला ती त्याचंच उदाहरण द्यायची. निकिताच्या आईनं काळजीनं फोन केला की दुधाशिवाय एवढ्या चढाला ताकद कुठून येणार, तर वेदिका गिरणीतल्या बायांसमोर ठणकावून म्हणाली, माझे पप्पा किती वर्षं दुधाशिवाय आहेत काकू, रोज धान्याची पोती उचलतात. फोन ठेवून ती त्याच्याकडं वळली आणि हसत म्हणाली, "तुमचं पित्त, माझं तत्त्व. ताट तर एकच आहे ना पप्पा?"

नाथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं गिरणीचा पट्टा उगाच दोनदा तपासला.

त्यात कुसाबाई आली. म्हसरूळच्या मळ्यातली म्हातारी, आठवड्याला बाजरी दळायला येणारी, सगळ्या गावाच्या चौकशा हिच्याकडं. तिनं वेदिकाचं पुड्या मोजणं बघितलं, दूध-तुपाचं ऐकलं, आणि ना हसली ना नवल केलं. तिनं सरळ विचारलं, "कोणाच्या नावानं सोडलं गं पोरी?"

कारण कुसाबाईच्या जगात माणूस खाणं सोडतं ते कुणासाठी तरी. नवऱ्याच्या दुखण्यासाठी, लेकाच्या नोकरीसाठी, नातवाच्या तापासाठी. वेदिका क्षणभर गोंधळली आणि मग म्हणाली, गाई-म्हशींच्या नावानं, आजी. म्हातारीला ते एकदम पटलं. चांगलं केलं, त्या बी लय सोसतात, म्हणत ती डबा घेऊन निघूनही गेली. नाथा मात्र जळून खाक झाला. त्यानं पोरीसाठी सोडलं, आणि पोरीनं म्हशीसाठी. म्हणजे हिशेबात तो कुठं बसला, म्हशीच्या अलीकडं की पलीकडं?

घरी वेगळाच गोंधळ. सिंधूनं मनावर घेतलं होतं की पोरगी उपाशी जाणार नाही. पण जे सुचवावं त्यात काही ना काही निघायचं. बेसनाचे लाडू म्हटलं तर तूप. तेलात करते म्हणाली, तर ते टाळूला चिकटायला लागले. चिवडा चालेल, पण पिशवीत फार जागा खातो. खजूर चालेल. चिक्की चालेल. बाजारातल्या तयार पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर वेदिका भिंग लावल्यासारखं वाचायची आणि दहातली सात पाकिटं बाजूला टाकायची, कारण कुठं दुधाची पावडर, कुठं लोणी. मिठाच्या बिस्किटात लोणी कशाला घालतात लोक, हे नाथाला पहिल्यांदाच कळलं आणि त्याचाही त्याला राग आला. इतकी वर्षं तो स्वतः घरच्याच भाकरीवर राहिला होता, त्याला पाकिटं वाचायची वेळच आली नव्हती.

मग सिंधूला दशम्या आठवल्या. प्रवासाला दशमीसारखं दुसरं काही नाही, गुळाची, जाडसर, आठवडाभर टिकणारी. तिनं अख्खी सकाळ खपून चळतच्या चळत भाजली, फडक्यावर पसरून गार केली, आणि वेदिकानं पहिला तुकडा मोडून तोंडाशी नेताना सहज विचारलं, कशात मळलीस मम्मी?

सिंधूचा हात तिथंच थांबला. दशमी म्हणजे दुधातच मळायची. सिंधूनं आईकडून शिकलेली दशमी तीच. नाथासाठी ती वेगळी, पाण्यात मळायची, पण तिला ती कधी दशमी म्हणाली नाही, गोड भाकरी म्हणायची. म्हणून दशमी करायला बसली तेव्हा हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडं गेला. दशमीतलं दूध तिला दूध वाटलंच नव्हतं. आता ते कळल्यावर बिचारीच्या डोळ्यात पाणी आलं. वेदिका चिडली नाही, तेवढं बरं, पण तुकडा खाली ठेवून तिनं असा सुस्कारा टाकला की चिडली असती तर परवडलं असतं. दशम्या शेजारीपाजारी वाटल्या. नाथालाही त्यातली एक खाता आली नाही.

शेवटी सगळा भार आला सातूवर. सातूचं पीठ म्हणजे भाजलेले गहू आणि डाळं एकत्र दळायचं, वर थोडं जिरं आणि सुंठ. गूळ आणि गार पाणी घालून कालवलं की जेवण झालं, चूल नको, काही नको. हे नाथानंच सुचवलं आणि वेदिका इतकी खूश झाली की तिनं त्याला मिठीच मारली. पप्पा, हे तर एकदम परफेक्ट आहे, आधी का नाही बोललात? नाथाला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचाही त्याला वैताग आला. पोरीला दुधाशिवाय डोंगरात धाडायची सोय तो स्वतःच्या हातानं करत होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गिरणी बंद असते तेव्हा त्यानं सातू दळला. दळण चालू असतानाच त्याच्या मनात आलं. आलं म्हणजे काय, दोन दिवस येतच होतं, तो हाकलत होता. पंचवटीतल्या एका दुकानातून, जिथं त्याला कुणी ओळखत नाही, त्यानं दूध पावडरचं पाकीट आणून धान्याच्या पोत्यामागं ठेवलं होतं. थोडीच घालायची. तिला कळणार नाही, तिचं काही बिघडणार नाही. पोटात दूध जाईल. देवीला दिसेल की तिनं दिलेलं पोरीनं टाकलेलं नाही.

आयुष्यभर गिरणी चालवली, कुणाच्या पिठात चिमूटभर दुसऱ्याचं पीठ जाऊ दिलं नाही. उपासाचं दळण असलं की आधी जातं झाडून, पुसून घेणारा माणूस. त्यानं गरम सातूच्या परातीत ती पांढरी पावडर ओतली आणि दोन्ही हातांनी कालवली. कालवलं नीट, गुठळी ठेवली नाही.

आणि मग त्यानं चिमूट उचलून जिभेवर ठेवली.

गिरणीवाल्याची सवय. पीठ कोणतंही असो, दळण झालं की एक चिमूट जिभेवर. कचकच लागते का, जास्त भाजलं का, जळका वास येतो का, ते डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळतं. दिवसातून पन्नास वेळा हा हात वर जायचा, त्याला विचारून थोडाच जायचा? गेला. डोक्याला समजायच्या आत जिभेला समजलं. दूध.

नाथा धावत मोरीकडं गेला, थुंकला, चुळा भरल्या, बोट घालून जीभ खरवडली. पण चव गेली नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चव गोड लागली होती, आवडली होती. ते त्याला सहन होईना. तो पोत्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. इतकी वर्षं पाळलेलं आज मोडलं, तेही पोरगी डोंगरावर जायच्या आदल्या दिवशी, तेही तिला फसवायला जाऊन. ह्यापेक्षा अपशकुन तो काय असतो?

तो घरी गेला. वेदिका पिशवी भरत होती. सिंधू शेजारी बसून गुळाचे खडे फोडत होती. नाथा उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, जाऊ नको.

वेदिकाला वाटलं, नेहमीची काळजी. ती समजावायला लागली की निकिता आहे, फोन आहे, वाटेतल्या गावांत ओळखी काढल्यात. नाथा फक्त मान हलवत राहिला. जाऊ नको, एवढंच. का म्हणून तिनं तीनदा विचारलं, आणि मग त्याचा बांध फुटला. त्यानं सगळं सांगितलं. सलाईन, गड, पायऱ्या, माझ्या वाट्याचं दूध, पित्ताचं खोटं, पोत्यामागचं पाकीट, परात, चिमूट. काही वगळलं नाही. सिंधूच्या हातातला बत्ता तसाच राहिला.

वेदिका आधी पाकिटावरच अडकली. "तुम्ही माझ्या पिठात दूध घातलंत?"

"घातलं."

"मला न सांगता?"

"सांगून तू खाल्लं असतंस?"

वेदिका पिशवीचा पट्टा आवळत राहिली, सोडायची, परत आवळायची. नाथाला वाटलं, आता रडेल, मग जवळ येईल, मग सगळं निवळेल. पण ती त्याच्यासारखीच होती, तिला राग आला की रडू मागं पडायचं. ती म्हणाली की सगळ्यांच्या लग्नात तुम्ही बाहेर जाऊन बसायचात आणि मी पित्ताच्या गोळ्या घेऊन तुमच्या मागं धावायचे. किती गोळ्या खाल्ल्यात तुम्ही उगाच? नाथा म्हणाला, खाल्ल्या नाहीत, खिशात टाकायचो.

"माझ्या नावावर एवढं ओझं ठेवलंत आणि मला विचारलं पण नाही."

"तू आठ महिन्यांची होतीस. तुला काय विचारायचं?"

"आता आहे का आठ महिन्यांची?"

सिंधू म्हणाली, पुरे करा आता दोघं. कुणीच पुरं केलं नाही, पण आवाज खाली आले. वेदिकानं सांगून टाकलं की ती जाणार म्हणजे जाणार. आणि सातू पुन्हा दळायचा, आत्ता, आणि ती समोर उभी राहणार.

गिरणीवाल्याच्या मनाला एक प्रकारचं गिऱ्हाईक फार टोचतं. दळण टाकून जात नाही, डबा धरून जात्याच्या तोंडाशी उभं राहतं, डोळे पिठावर, जणू हा माणूस मूठभर चोरणारच. नाथा अशा लोकांना तोंडावर बोलायचा, विश्वास नसेल तर दुसरीकडं जा. त्या संध्याकाळी त्याची स्वतःची लेक तशी उभी राहिली. त्यानं गहू पुन्हा भाजले, डाळं पुन्हा निवडलं, जातं झाडून पुसून घेतलं, तिला आत वाकून बघू दिलं. तिनं खरंच वाकून बघितलं. बोलायचा हक्क त्यानं परातीत कालवून टाकला होता.

दळण झालं. त्याचा हात सवयीनं वर चालला आणि मध्येच थांबला. वेदिकानंच चिमूट घेतली, चाखली, आणि त्याच्यापुढं हात केला. चांगलं झालंय, घ्या, म्हणाली. त्यानं घेतली. खमंग झाला होता सातू.

तिनं बटण दाबून गिरणी बंद केली. इतक्या खडखडाटानंतर एकदम शांत झालं की कानांना विचित्र वाटतं.

"पप्पा, एक शब्द द्या. माझ्या नावानं आता काही सोडायचं नाही."

नाथा परातीच्या कडेचं पीठ बोटानं आत लोटत राहिला.

"मला माहितेय तुमच्या डोक्यात काय चाललंय. जुना नवस मोडला, आता नवीन काहीतरी. चहा सोडाल, नाहीतर चप्पल सोडाल. मी नाही सहन करणार. तिथं एकेक पाऊल टाकताना मला वाटत राहील की घरी माझा बाप माझ्यापायी काहीतरी भोगतोय. मला चालता यायचं नाही."

चप्पल त्यानं खरंच धरली होती मनात. पोरगी परत येईपर्यंत अनवाणी. हिला कसं कळलं? तो म्हणाला, बापाचा जीव आहे वेदू, काहीतरी करायला लागतं ना. तिनं नुसता हात पुढं धरून ठेवला, पीठ लागलेला. नाथानं खूप वेळ घेतला. मग त्या हातावर हात ठेवला. तेव्हा कुठं ती त्याच्या खांद्याला टेकून रडली. नाथाला वाटलं होतं तसं काही निवळलं बिवळलं नाही, पण पोरगी रडली.

सकाळी त्र्यंबकच्या बसला सोडायला तो गेला. निकिता आधीच आली होती, जांभया देत. दोघींच्या पाठीवर एवढाली ओझी की मागून बघितलं तर नुसत्या पिशव्या चालल्यासारख्या दिसत होत्या. सिंधूनं वेदिकाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. वेदिकानं वाकून नाथाच्या पायांना हात लावला, आणि उठताना त्याच्या चपलांकडं बघून घेतलं. होत्या पायात. ती समाधानानं चढली, खिडकीतून हात हलवला, आणि बस वळणावरून गेली.

सिंधू चला म्हणाली. तो म्हणाला, तू हो पुढं.

स्टँडच्या कडेला, रिक्षांच्या गर्दीत, त्यानं वणीच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. आई, पोरीला सुखरूप आण, मी. आणि तिथंच अडकला. इतक्या वर्षांत 'मी'च्या पुढं काही ना काही होतंच. तोंडापर्यंत आलं सगळं, चहा, गूळ, मीठ, चप्पल, एक वेळचं जेवण. सगळं द्यायची तयारी होती. पण शब्द देऊन बसला होता, आणि एकदा फसवलेल्या पोरीला दुसऱ्यांदा फसवायची त्याची छाती नव्हती. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवून बाजूला व्हायला सांगत होता. नाथा हलला नाही. देवीपुढं असं रिकाम्या हातानं उभं राहायला त्याला फार लाज वाटली. तरी त्यानं डोळे मिटले आणि बदल्यात काहीही न देता, नुसतंच मागितलं.